गोदावरीची उभी वाट

नदी ओलांडणें आणि नदीबरोबर जाणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. ओलांडणाराला नदी आडवी येते. त्याचें लक्ष पैलतीराकडे असतें, आणि मधलें पाणी जितकें थोडें व उथळ तितकें त्याला बरें वाटतें. ओघाबरोबर जाणाराची नदी उभी असते. तिचें पुढचें वळण, पुढचा खडक, पुढचा डोह हाच त्याचा मुक्काम. मराठवाड्याच्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट नजरेस येते ती अशी कीं, गोदावरी, मांजरा, पैनगंगा या नद्यांच्या कांठीं शेंकडों वर्षें नांदलेल्या आपल्या समाजानें या नद्या बहुतेक आडव्याच पाहिल्या. गोदावरीच्या उभ्या वाटेचा शोध घेण्याचा एक मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकांत झाला. परंतु तो परक्यांनीं व्यापाराच्या हेतूनें केला, आणि नांदेडच्या शिवेस पोहोंचण्यापूर्वींच तो संपला. त्या प्रयत्नाची हकीकत सांगावी, आणि ज्या प्रकारच्या खडकांवर तो आपटला तेच खडक मुद्दाम शोधीत हिंडणाऱ्या आजच्या एकांड्या नावाड्यांशीं तिचा संबंध काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या नित्याच्या भाषेकडेच प्रथम पाहूं. घाट, उतार, ऐलतीर, पैलतीर, संगम हे सारे शब्द कांठावर उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. ‘उतार’ या शब्दाचा नदीच्या बाबतींतला रूढ अर्थ पात्र पायीं ओलांडण्याची जागा असा आहे; ओघ किती वेगानें खालीं जातो हें त्या शब्दानें कोणी विचारीत नाहीं. ओघाबरोबर जाणाराचे शब्द भाषेंत नाहींत असें नव्हे. डोह, भोवरा, खळाळ, धार हे शब्द आहेत, आणि ते भोई व कोळी यांनीं जपले आहेत. पांढरपेशा लेखणींत ते आले ते बहुधा उपमेसाठीं. ‘सांगड’ या बिचाऱ्या शब्दाची गत तर पाहण्यासारखी आहे. पाण्यावर तरंगण्यासाठीं बांधलेली सुक्या भोपळ्यांची किंवा लांकडांची जुडी ती सांगड. तिच्यावर पोट टेकून माणसें भरल्या नदींतून पार होत. आतां दोन खात्यांच्या कारभाराची सांगड घालण्यापलीकडे तिला काम उरलेलें नाहीं.

नदी आडवी पाहण्याची ही संवय लष्करांतही होती, आणि तिची किंमत केव्हां केव्हां भारी पडे. नांदेडच्या वरच्या अंगास, हल्लींच्या बीड जिल्ह्यांत, गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला. निजाम स्वतः बऱ्याच फौजेसह नदी उतरून उत्तर तीरास गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला होता. आणि गोदावरीला पूर आलेला होता. विठ्ठल सुंदर लढाईंत पडला, आणि धन्याला पैलतीरावरून पाहत बसण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. श्रावण-भाद्रपदांतली गोदावरी ही मराठवाड्याच्या राजकारणांतील एक स्वतंत्र सत्ता होती असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या सत्तेशीं तह करण्याचा मार्ग एकच, पाणी ओसरण्याची वाट पाहणें.

आतां त्या मोठ्या प्रयत्नाकडे वळूं. राजमहेंद्रीच्या खालीं धवळेश्वरम् येथें गोदावरीला बांध घालून तिच्या मुखाकडील प्रदेश भिजविण्याचें काम आर्थर कॉटन या मद्रासच्या इंजिनिअरानें १८४७ ते १८५२ या अवधींत तडीस नेलें. त्या प्रदेशांत आजही त्याचें नांव आदरानें घेतात. कॉटनचा आयुष्यभराचा हट्ट असा कीं, हिंदुस्थानाला आगगाड्यांपेक्षां जलमार्ग अधिक हितावह आहेत. पाण्यावरून माल स्वस्त जातो आणि तेंच पाणी शेतालाही मिळतें. या हट्टाला राजकारणाची जोड लवकरच मिळाली. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला, आणि १८५४ मध्यें नागपूरचें भोंसल्यांचें राज्य खालसा झालें. म्हणजे कापसाचे दोन उत्तम मुलूख वर्षा-दीडवर्षांत कंपनीच्या हातीं आले. परंतु तेथून समुद्रावर कापूस न्यावयाचा तर बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून शेंकडों मैल न्यावा लागे. वर्धा आणि वैनगंगा या नद्या मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशीं गोदावरीस मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. नकाशावर बोट फिरविलें तर वाट सरळ दिसे.

नकाशावर न दिसणारें तें पाहण्यासाठीं कॅप्टन हेग या इंजिनिअराची योजना झाली, आणि गोदावरी नौकानयनास कितपत योग्य आहे याविषयींचा त्याचा अहवाल १८५६ मध्यें मद्रासेस छापला गेला. या पाहणीचें सार तीन नांवांत सांगतां येईल: दुम्मागुडम, एन्चमपल्ली आणि देवलमरी. समुद्राकडून वर येणाराला भद्राचलमच्या वर दुम्मागुडमपाशीं पहिला अडथळा लागतो. इंद्रावतीच्या संगमाच्या आसमंतांत एन्चमपल्लीचा दुसरा. आणि गोदावरी सोडून प्राणहितेंत शिरल्यावर अहेरीच्या बाजूस देवलमरीचा तिसरा. हे अडथळे म्हणजे एखादा उंच धबधबा नव्हे. मैलोगणती पात्रभर खडक पसरलेले, त्यांच्यामधून ओघाच्या अनेक चिरफाळ्या झालेल्या, प्रत्येक चिरफाळी निराळ्या उंचीवरून निराळ्या वेगानें धांवणारी, असें त्यांचें स्वरूप. भरलेली नाव त्यांतून वर चढविणें अशक्य, व खालीं सोडणें म्हणजे तिच्यावर पाणी सोडणेंच. या तीन अडथळ्यांच्या मधले टप्पे मात्र पुष्कळ मोकळे होते, आणि त्यामुळेंच आशेला जागा राहिली.

पुढची पायरी तहाची. १८६० च्या तहानें निजामानें गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांस दिले, आणि नदीवरील व्यापार जकातीवांचून चालावा असें ठरलें. त्याच तहांत, सत्तावन सालच्या साह्याचें बक्षीस म्हणून, १८५३ मध्यें काढून घेतलेले नळदुर्ग-धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख निजामास परत मिळाले, व सुमारें ५० लाखांच्या कर्जाची सूटही मिळाली. या धाराशिव जिल्ह्याच्याच पोटांतून पुढें १९८२ मध्यें लातूर जिल्हा निघाला. तेव्हां ज्या कागदावर गोदावरीच्या दूरच्या, घनदाट अरण्यांतल्या तीराचा सौदा झाला, त्याच कागदावर बालाघाटच्या पठारावरील मराठी रयत पुन्हां मोंगलाईंत गेली, आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिली. नदीच्या इतिहासांत हा तह सहसा सांगत नाहींत, व मराठवाड्याच्या इतिहासांत नदी सांगत नाहींत. वस्तुतः दोहोंचा करार एकच आहे.

यानंतर सिरोंचा हें ठाणें करून अपर गोदावरी नांवाचा एक जिल्हा बनविण्यांत आला, आणि खडकांवर काम सुरू झालें. दुम्मागुडम येथें बंधारा, कालवा आणि नावा वरखालीं करण्याचे दरवाजे बांधले गेले; दुसऱ्या अडथळ्यापाशींही काम पुष्कळ चाललें. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि गोदावरीच्या योजनेलाही त्या भावाची ऊब मिळाली. तथापि नदीनें आपला स्वभाव सोडला नाहीं. पावसाळ्यांत पूर, उन्हाळ्यांत पाणी आटलेलें, आणि मधल्या हंगामांत जंगलांतला हिंवताप. मजूर टिकत नसत. हेगच्या विषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खडक फोडण्यावर देखरेख करीत असतां त्याचें मन तेथील कोया लोकांकडे ओढलें गेलें, आणि दुम्मागुडम येथील ख्रिस्ती मिशन त्याच्या प्रेरणेनें उभें राहिलें. नदीची योजना गेली. मिशन मागें राहिलें.

योजना मोडली ती मात्र केवळ खडकांनीं नव्हे. मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचली, आणि कापसाचें तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरलें तें कायमचें. १८७१ मध्यें सरकारनें गोदावरीचें काम सोडून दिलें. कॉटनचा हिशेब चुकीचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. पाण्याची वाट स्वस्त हें त्याचें म्हणणें खरेंच होतें. परंतु वर्षांतून कांहीं महिनेच चालणाऱ्या स्वस्त वाटेपेक्षां बारा महिने चालणारी महाग वाट व्यापाऱ्याला परवडते, इतकी साधी गोष्ट त्याच्या उत्साहानें झांकली गेली. दुम्मागुडमचा बंधारा आजही उभा आहे.

नांदेड-लातूरच्या वाट्यास या सगळ्यांतून काय आलें? योजनेचा रोख प्राणहितेकडून वर्धा-वैनगंगेकडे असल्यामुळें संगमाच्या वरची गोदावरी, म्हणजे नांदेडची गोदावरी, तशीच राहिली. पुढें १९०० च्या सुमारास हैदराबादेहून मनमाडपर्यंत जी आगगाडी नांदेडावरून गेली तिला ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ असें नांव मिळालें. नदीची वाट हिसकावून घेणाराने तिचें नांवही घ्यावें, हा योग मोठा विलक्षण खरा! लातुरास निराळी गाडी आली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्यें बार्शीस, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें मिरजेस पोहोंचली. अडीच फुटी रुळांची ही चिमुकली गाडी पुढें रुंद रुळांवर आली, आणि त्याच वाटेनें एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाणी भरलेली गाडी लातुरास आली. पहिल्या खेपेला दहा डबे, पांच लाख लिटर पाणी. मांजरेच्या खोऱ्यांतील शहराला कृष्णेचें पाणी रुळांवरून प्यावें लागलें. कारण धनेगावचें मांजरा धरण कोरडें पडलें होतें. त्याच धरणाचे दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्यें उघडावे लागले व मांजरेनें कांठचीं शेतें धुऊन नेलीं, हेंही त्याच नदीचें चरित्र. अशा नदीला आपण ओळखतों असें म्हणणें धाडसाचें आहे.

गोदावरीवर सुरुंग उडत होते त्याच दशकांत, जगांत दुसरीकडे, नदीकडे पाहण्याची एक निराळी तऱ्हा जन्मास येत होती. १८६५ मध्यें जॉन मॅकग्रेगर नांवाचा एक स्कॉट वकील ‘रॉब रॉय’ नांवाच्या एकट्यापुरत्या होडींत बसून युरोपांतल्या नद्यांतून व सरोवरांतून हिंडला, आणि त्याच्या पुस्तकानें एकट्यानें नदी उतरण्याची हौस इंग्लंडभर पसरली. १८६९ मध्यें अमेरिकेंत जॉन वेस्ली पॉवेल हा, युद्धांत एक हात गमावलेला अधिकारी, चार नावा आणि नऊ सोबती घेऊन कोलोरॅडो नदीच्या अज्ञात दरींत शिरला. दहाजण निघाले, सहाजण शेवटास पोहोंचले. पॉवेलला कापूस न्यावयाचा नव्हता. खडक दिसला म्हणजे हेग विचारी, हा फोडावा कसा. पॉवेल विचारी, याच्या बाजूनें जावें कसें. दोघेही शूर, दोघेही मोजमाप करणारे, दोघेही सरकारच्या ओळखीचे. पण एकाच्या दृष्टीनें खडक हा नदीचा दोष होता आणि दुसऱ्याच्या दृष्टीनें तो नदीचा मजकूर होता.

आज खळाळत्या पाण्यांतून जाणारे लोक जी होडी वापरतात तिला कयाक म्हणतात. ही मूळची ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यांवरील शिकाऱ्यांची. लांकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून केलेली, वरूनही झांकलेली, एका माणसाच्या कमरेभोंवतीं घट्ट बसणारी. ती उलटली तर माणूस आंत बसल्या बसल्या वल्ह्याच्या एका फटक्यानें तिला पुन्हां सरळ करूं शकतो. ही कोलांटी एडी पावलाटा या ऑस्ट्रियनानें १९२७ मध्यें शिकून घेतली, आणि तेव्हांपासून युरोपांतल्या डोंगरी नद्यांचें दार उघडलें. ऑस्कर स्पेक हा जर्मन १९३२ मध्यें घडीच्या कयाकेंतून डॅन्यूबवरून निघाला तो हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून सिंहलद्वीपास, आणि तेथून पुढें सात वर्षांनीं ऑस्ट्रेलियाच्या दाराशीं पोहोंचला; उतरतांच महायुद्धाच्या धामधुमींत शत्रूपक्षाचा म्हणून त्याला अटक झाली. आपल्या किनाऱ्यावरून तो गेला, पण आमच्या घाटावरच्या नद्यांना अशी होडी तेव्हां ठाऊक नव्हती. आतां महाराष्ट्रांत अशा जलविहाराचें ठिकाण म्हणून कोलाडजवळची कुंडलिका प्रसिद्ध झाली आहे. तीही खरें पाहतां नदीच्या नव्हे, वीजघराच्या मर्जीवर चालते; भिरा येथील वीजघरांतून सकाळीं पाणी सुटलें म्हणजे खळाळ सुरू, आणि तें ओसरलें म्हणजे खेळ बंद.

मराठवाड्यांत या दृष्टीनें पाहण्याजोगी नदी पैनगंगा. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून ती पुढें नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांची शीव होते, आणि किनवट तालुक्यांत इस्लापूरजवळ सहस्रकुंडापाशीं एकदम काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवरून खालीं पडते. आपल्या पठाराचा दगड थराथरांनीं बसलेला आहे. कांहीं थर कठीण, कांहीं भुसभुशीत. ओघ भुसभुशीत थर आधीं खातो, कठीण थराची कड पुढें लोंबत राहते, व कालांतरानें ती तुटून पडते. पायरी अशी तयार होते, आणि अशीच ती हळूहळू मागें सरकते. पडलेल्या दगडगोट्यांना भोवऱ्यांत गरगर फिरवून पाणी खडकांत रांजणासारखे खळगे कोरतें. सहस्रकुंड हें नांवच अशा कुंडांची आठवण करून देतें. पावसाळ्यांत प्रेक्षकांची तेथें दाटी असते. पण प्रेक्षक हाही शेवटीं कांठावरचाच. धबधब्याच्या वर आणि खालीं नदी काय करते हें विचारणारा विरळा.

तें विचारणारा नावाडी पाण्याची लिपि वाचतो. दोन खडकांच्या मधून पाणी जिभेसारखें गुळगुळीत घसरत असेल तर तेथें खोली आहे व वाट आहे. मोठ्या धोंड्याच्या मागें पाणी वळून उलटें वर येत असेल तर ती विसांव्याची जागा. तेथें नाव टेकवून पुढचें पाहून घ्यावें. जेथें पाणी सर्व रुंदीभर सारखें पडतें आणि पायथ्याशीं मागें गुंडाळत राहतें तेथें मात्र कधीं जाऊं नये, कारण तेथें अडकलेली वस्तु पाणी सोडीत नाहीं. निसर्गाच्या खडकांत अशी जागा क्वचित्. माणसाच्या बंधाऱ्याखालीं ती हमखास. म्हणून मांजरेवर लातूर जिल्ह्यांत जी बंधाऱ्यांची मालिका आहे ती पाणी अडविण्यास कितीही उपयोगी असो, नावेच्या दृष्टीनें ती तीन अडथळ्यांपेक्षांही कठीण म्हटली पाहिजे. हेगला खडक फोडावयाचे होते. आम्हीं खडक नव्हते तेथें ते बांधले. पाणी अडविलें नसतें तर ऊंस सोडाच, ज्वारीचीही पंचाईत झाली असती, हें मान्य आहे. तथापि ज्या नदीचें पाणी आपण घेतों तिची मोकळी धार वर्षांतून कितें दिवस वाहते एवढी तरी नोंद ठेवावयास काय हरकत आहे? गोदावरीवर धर्माबाद तालुक्यांत बाभळीचा बंधारा आहे. त्याचे दरवाजे दरसाल १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय आहे. दोन राज्यांच्या भांडणांतून कां होईना, नांदेडच्या गोदावरीला वाहण्याचे दिवस कागदावर नेमून मिळाले.

पैनगंगेचा अहवाल आज कोणी लिहावयाचा म्हटलें तर आरंभ इसापूरच्या धरणाखालून करावा लागेल, आणि वेळ पावसाळ्याचा उत्तरार्ध धरावा लागेल; कारण धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याखेरीज खालीं नाव तरंगण्याजोगा ओघ राहत नाहीं. सोबत एखादा भोई असावा. मराठवाड्यांत कित्येक ठिकाणीं अजून पूल नाहींत, व पोरें थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेसाठीं पाणी ओलांडतात. तेव्हां पुराच्या पाण्याची ज्यांना नित्य ओळख आहे अशीं माणसें तेथें आहेत, फक्त त्यांना कोणी विचारीत नाहीं. सहस्रकुंडापाशीं नाव खांद्यावर घेऊन खडकावरून उतरावें लागेल. पुढें किनवट, माहूरच्या डोंगराची वळणें, उनकेश्वरचे उष्ण झरे, दोन्ही तीरांवर अभयारण्याचें रान. मग आदिलाबाद आणि यवतमाळ यांच्यामधून वाहत वढ्यापाशीं वर्धेचा संगम, चपराळ्यापाशीं वैनगंगेचा. प्राणहितेंत शिरल्यावर अहेरीची बाजू येईल, आणि तेथें देवलमरीपाशीं, समुद्राकडून येणाऱ्या हेगला जो तिसरा अडथळा लागला होता, तो नांदेडहून येणाराला पहिला लागेल.